सात नंबरमधली ओल

१

"तुम्ही कुणाचं घर बघून आलात हो?"

टेपबाईंनी मान वर केली. दारात सिस्टर उभी होती. दवाखान्यातला पांढरा गणवेश अजून अंगावरच, पर्स खांद्यावरून घसरलेली आणि हातात बँकेचं पत्र. ते तिने इतकं आवळून धरलं होतं की त्याची सुरळी झाली होती.

टेपबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, बँकेतल्या लोकांनी ठेवलेलं. घरासाठी कर्ज देण्याआधी बँक ज्यांना पाठवते, 'जा, घर सांगतात तेवढ्या किमतीचं आहे का बघून या' म्हणून, त्या या बाई. पर्समध्ये कंगवा एखाद वेळी नसेल, पण मोजायचा टेप असणारच. आणि पायाला भिंगरी. बाई एका जागी निवांत बसलेल्या दिसल्या तर समजावं, अंगात ताप आहे.

"बसा आधी," त्या म्हणाल्या आणि स्वतः उठून उभ्या राहिल्या.

"बसायला वेळ कुठाय मॅडम? उद्या संध्याकाळी कराराची मुदत संपते. आणि बँक म्हणते, कर्ज निम्मंच मिळेल. का, तर घर ओलं आहे, गिलावा पडलाय, सळ्या उघड्या पडल्यात. तुम्ही लिहिलंय हे! अहो, माझं घर ठणठणीत कोरडं आहे. पडद्याचं माप घ्यायला मी स्वतः गेले होते की!"

"हे बघा सिस्टर, बँकेचा हिशेब सरळ असतो. तुम्ही ठरवलेली किंमत एकीकडे आणि मी काढलेली दुसरीकडे. दोन्हींत जी कमी असेल तिच्या दहातले आठ वाटे बँक देते, उरलेले तुम्ही घालायचे. घर खराब निघालं की कर्ज आपोआप खाली येतं. पटत नसेल तर हे बघा, फोटो."

त्यांनी फोटो टेबलावर टाकले ते जरा तोऱ्यातच. इतकी वर्षं हे काम केलं, आजवर एकदाही कुणी अहवाल खोटा म्हटला नव्हता. सिस्टरने एकेक फोटो उचलला. पोपडे आलेली भिंत. छतावरचा काळा डाग. स्वयंपाकघराचा ओटा. तिथे मात्र तिचा हात थांबला.

"या फरशा पांढऱ्या आहेत."

"बरं मग?"

"माझ्या स्वयंपाकघरात निळ्या आहेत. निळ्या फरशा बघूनच तर मी घर पसंत केलं." सिस्टरचा आवाज एकदम खाली आला. "मॅडम, हे माझं घरच नाहीये."

२

टेपबाई आतून हादरल्या. पण चेहऱ्यावर दाखवतील तर त्या टेपबाई कसल्या! सिस्टरला घरी पाठवून त्या तडक त्या इमारतीकडे निघाल्या. रिक्षात बसल्या बसल्या टेपची पट्टी खटकन बाहेर, खटकन आत. शेवटी रिक्षावाला वैतागून म्हणाला, "बाई, ते एकदा काय ते मोजा तरी."

इमारत साधी, जुनी, चारच मजल्यांची. तळाशी शिंप्याचं दुकान. रिकाम्या घरांच्या चाव्या शिंप्याकडे असायच्या. भिंतीवर खिळे, खिळ्यावर खडूने घराचा नंबर आणि खाली लोंबणारी चावी. बँकेचा नियम असा की किंमत काढायला जाणाऱ्या माणसाबरोबर ना मालकाने यायचं, ना दलालाने. उगाच कुणी कानाशी लागायला नको. म्हणून बाई मागच्या वेळीही शिंप्याकडून चावी घेऊन एकट्याच वर गेल्या होत्या.

"सात नंबर द्या."

शिंप्याने तोंडातली टाचणी काढली, चावी काढून दिली आणि परत टाचणी तोंडात धरली.

वरच्या मजल्यावर दोनच घरं, एका ओळीत, आणि दोन्ही रिकामी. प्रत्येक दारावर नंबराची पितळी पाटी, डावी-उजवीकडे एकेक स्क्रू. जिना संपतो तिथलं पहिलं दार सातचं. बाईंनी चावी फिरवली, दार उघडलं.

कोरडं घर. स्वच्छ भिंती. स्वयंपाकघरात निळ्या फरशा.

"अगं बाई गं," त्या एकट्याच पुटपुटल्या.

त्या बाहेर आल्या. आठवायला लागल्या. त्या दिवशी जिना चढून दम लागला होता आणि सात नंबर टोकाला म्हणून त्या मनात चरफडल्या होत्या. होय, टोकाला! आधी आठचं दार लागलं होतं, ते ओलांडून पुढे गेल्या होत्या. आज सात अलीकडे कसं आलं?

धावत खाली, आठची चावी घेऊन धावत वर. आठचं दार उघडताच कुबट वास नाकात शिरला. पोपडे, डाग, उघड्या सळ्या, सगळं ओळखीचं. ओल जमिनीपासून कुठवर चढलीय ते मोजताना भिंतीवर पेन्सिलीने एक फुली मारायची, ही बाईंची जुनी सवय. खोलीच्या कोपऱ्यात त्या वाकल्या.

फुली तिथेच होती. त्यांच्याच हातची.

म्हणजे त्या दिवशी कुणीतरी दोन्ही दारांवरच्या पाट्या बदलल्या होत्या, खिळ्यांवरच्या चाव्याही बदलल्या होत्या आणि बाईंची पाठ वळताच सगळं जागच्या जागी करून ठेवलं होतं.

३

आता खरं तर बाईंनी बँकेला फोन लावून 'चूक झाली' म्हणायचं आणि नवा अहवाल द्यायचा. तेवढ्याने सिस्टरचं काम झालं असतं. पण डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच. आपल्याला कुणीतरी उल्लू बनवलं! आणि ज्याने एकदा बनवलं तो उद्या आणखी काही करणार नाही कशावरून? सिस्टरचं घर उद्या संध्याकाळपर्यंत टांगणीला आहे.

"चाव्या कोण कोण घेऊन गेलं हो त्या आठवड्यात?" त्यांनी शिंप्याला विचारलं.

"कोण नाही गेलं ते विचारा. सिस्टर आली पडद्याचं माप घ्यायला. तिचा नवरा आला दिवे-पंखे कुठे लावायचे ते बघायला. घरमालक आला, त्याचा जुना पंखा काढून न्यायला. आणि तो होऊनजाईल तर काय, दिवसातून दोनदा. मी शिवण सोडून पहारा करू का?"

'होऊनजाईल' म्हणजे दलाल. काहीही विचारा, उत्तर एकच. तो कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर सापडला.

"मॅडम, तुमच्या अहवालाने माझं वाटोळं केलं! सातचंही कमिशन गेलं आणि आठचंही. एकदा बँकेकडे या इमारतीचं नाव खराब झालं की इथली सगळी घरं घसरतात. ते आठ नंबर तर वर्षभर माझ्या गळ्यात पडलंय. ओल बघितली की गिऱ्हाईक जिन्यातूनच पळतं."

"सातला दुसरं कुणी जास्त पैसे देतंय असं ऐकलं," बाईंनी खडा टाकून पाहिला.

तो खुदकन हसला. "ती पुडी मीच सोडलीय हो. गिऱ्हाईक जरा घाईला येतं. दुसरं कुणी नाही. पण तुम्ही काहीतरी करा, होऊन जाईल."

घरमालकाचं चष्म्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. तो नाकावर एक, कपाळावर एक आणि गळ्यात एक असे तीन चष्मे घालून बसला होता. बाईंना बघताच त्याचा पारा चढला.

"माझं घर ओलं? माझं? डोळे तपासून देऊ का तुमचे? फुकट तपासतो!"

"व्यवहार मोडला तर तुम्हाला बरंच आहे की. दुसऱ्याला विकाल."

"बरं कसलं? करारात लिहिलंय ना, ठरलेलं कर्ज बँकेने दिलं नाही तर बयाणा परत करायचा. तो मी डोळे तपासायच्या मशीनला घातला! हे बघा मशीन." त्याने मशीनवर अशी थाप मारली की आतला दिवा लुकलुकला. "आता परत कुठून आणू? आणि ते कलम मी घालणारच नव्हतो. त्यांनी स्वतःहून माघार घेतली तर बयाणा माझा, एवढंच असतं नेहमी. पण सिस्टरचा नवरा हटून बसला. म्हणाला, हे कलम नसेल तर सही नाही."

"करार कधी केलात?"

"गेल्याच महिन्यात."

बाई दुकानातून बाहेर पडल्या आणि मघापेक्षाही अस्वस्थ झाल्या. ज्याच्यावर संशय घ्यावा तोच बुडालेला. कर्ज आटलं की मालक बुडतो, दलाल बुडतो, सिस्टर तर बुडतेच.

मग यात तरतं कोण?

४

संध्याकाळी त्या सिस्टरच्या भाड्याच्या घरी गेल्या. एकच खोली, कापडाचा आडोसा घालून दोन केलेली. शिवून तयार असलेले पडदे खुर्चीवर घडी करून ठेवले होते, निळे. सिस्टरने ते उचलून पोटाशी धरले आणि बाईंना खुर्ची दिली.

"चूक माझ्याकडूनच झाली," बाईंनी सांगून टाकलं. "कुणीतरी मला दुसऱ्या घरात नेऊन सोडलं. उद्या दुपारी दुरुस्त अहवाल जाईल. ठरलेलं कर्ज मिळेल."

सिस्टरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "ऐकलंस का रे? मिळणार घर!"

तिचा नवरा स्टोव्हपाशी चहा गाळत होता. तो लिफ्टच्या कंपनीत फिटर. चहा कपाबाहेर सांडला, तो पुसत बसला.

"मॅडम, इतकी धावपळ नका करू," तो म्हणाला. "बँकेला नाही द्यायचं तर नाही. एवढं काय! भाड्याचं घर वाईट थोडंच आहे."

"झालं याचं सुरू!" सिस्टर फणकारली. "अर्ज केला तेव्हा माझ्याआधी उड्या मारत होता. आता बढती झाली, साहेब झाला, तर घर नको. मॅडम, पूर्वी याचे हात बघायला हवे होते. नखांत काळं ग्रीस, किती घासा, निघायचं नाही. साहेब झाल्यापासून बघा कसे गोरेगोमटे झालेत."

फिटरने हात टॉवेलात लपवले.

"मी त्या दिवशी घर बघायला येणार म्हणून फोन केला होता, तो तुम्हीच घेतला होता ना?" बाईंनी त्याला विचारलं.

"त्यानेच," सिस्टर मध्येच बोलली. "वॉर्डात मोबाइल चालत नाही, माझा लॉकरमध्ये असतो. म्हणून बँकेच्या कागदांवर याचाच नंबर दिलाय."

बाई चहा घेऊन उठल्या, खोलीत फेऱ्या मारू लागल्या. दुसऱ्याच्या घरात असं करू नये हे त्यांना कळत होतं, पण पाय ऐकेनात. भिंतीवर दिव्यांचा स्विचबोर्ड होता. त्याकडे बघत त्या उभ्याच राहिल्या.

"त्याचं काम आहे ते," सिस्टर कौतुकाने म्हणाली. "स्क्रू बघा. एकूण एक खाच उभी. एखादी जरा तिरकी राहिली तर याला जेवण जात नाही. परवा शेजारच्यांचा बोर्ड तिरका दिसला, तर हा बोलावलं नसताना सरळ करून आला. आमची लाज काढतो कुठेकुठे."

ती हसली. फिटर हसला नाही.

बाईंनी कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच राहिला होता.

५

सकाळी त्या पुन्हा इमारतीत शिरल्या तेव्हा शिंपी दुकान उघडत होता. त्यांनी चावी मागितलीच नाही. एकेका दारापाशी थांबत, मान वाकडी करत त्या वर चढल्या. एकची पाटी, दोनची पाटी. पितळेवर हिरवट थर, स्क्रूच्या खाचा वाटेल तशा. एक आडवी, एक तिरकी, एकीत तर रंग भरलेला. तिसऱ्या मजल्यावरही तेच.

वरच्या मजल्यावर सात आणि आठ. चार स्क्रू. चारही खाचा सरळ उभ्या, वर-खाली, सैनिकांसारख्या.

बाईंनी फिटरला फोन लावला. "इमारतीपाशी येता का जरा? काम आहे."

कामाची वेळ होती. लिफ्टच्या कंपनीतला साहेब अशा वेळी 'सुट्टी टाकावी लागेल' तरी म्हणेल. फिटर नुसतं "येतो" म्हणाला आणि बाईंची धाप ओसरते न ओसरते तोच वर हजर झाला. हातात जेवणाचा डबा होता.

"या पाट्या तुम्ही बदलल्यात," बाई म्हणाल्या.

"मी? मला माझंच घर नको होईल का मॅडम?"

"तेच तर कालपासून डोकं खात होतं. मालकाला बयाणा परत करणं जमणार नाही, त्याला व्यवहार हवाच होता. दलालाला दोन्ही कमिशनं हवी होती. ओल तो गिऱ्हाइकापासून लपवतो, बँकेला कशाला दाखवेल? मी किती वाजता येणार हे मी एकाच फोनवर सांगितलं होतं, तुमच्या. ते कलम करारात घाला म्हणून हटून बसलात तुम्ही. आपण माघार घेतली तर बयाणा बुडतो, बँकेने हात आखडला तर परत मिळतो. म्हणजे बँकेने नाही म्हणावं अशी गरज एकाच माणसाला होती. एवढं असूनही मी म्हटलं असतं, संशय आहे, पुरावा नाही. पण हे स्क्रू बघा. दुसरा कुणी असता तर पिळून मोकळा झाला असता. चोरी करतानाही खाचा उभ्या केल्यात हो तुम्ही!"

त्याने पाटीकडे पाहिलं. हात नकळत वर गेला आणि तसाच खाली आला. मग तो पायरीवर बसला, डबा मांडीवर ठेवून.

"नोकरी गेली," तो म्हणाला. "बढती वगैरे काही नाही. अर्ज केला तेव्हा होती. नंतर, करार व्हायच्या आधीच, कंपनीने आमची सगळी तुकडी काढली. हातावर जे टेकवलं त्यातून दर महिन्याला पगार म्हणून तिला आणून देतोय. ते संपत आलंय. एकदा कर्ज झालं असतं की हप्ते सुरू. दोन हप्ते चुकले, की बँक दारात. तिचे इतक्या वर्षांचे पैसे त्या घराबरोबर गेले असते मॅडम."

"मग तिला सांगायचं ना!"

"रोज सांगायला जायचो. ती पडदे शिवत असायची."

 बाईंना राग आला होता, तो आता धरून ठेवता येईना. एरवी त्या निघून गेल्या असत्या. त्या दिवशी मात्र त्याच्या शेजारी, त्याच पायरीवर बसल्या.

"दुपारी माझा अहवाल जाणार. खोटा मी ठेवणार नाही. त्याआधी तिला बोलवा आणि स्वतःच्या तोंडाने सांगा."

"मला नाही जमणार."

"मी इथेच बसते. जमवा."

त्याने वॉर्डातल्या फोनवर निरोप ठेवला. सिस्टर आली ती धापा टाकत आणि हसत. तिला वाटलं, चावी मिळतेय. तिने दोघांचे चेहरे पाहिले आणि हसू विरलं. फिटरने सांगितलं. अडखळत, जमिनीकडे बघत, पण सगळं सांगितलं. पाट्यांचंही, चाव्यांचंही.

बाई वाट बघत होत्या की ती आता ओरडेल, डबा उचलून फेकेल. सिस्टरची नजर मात्र त्या डब्यावरच होती.

"मी रोज डबा भरून देत होते," ती म्हणाली. "तो कुठे बसून खायचास?"

"दवाखान्यासमोरच्या बाकावर." तो जमिनीकडेच बघत म्हणाला. "तिथून तुझ्या वॉर्डची खिडकी दिसते."

सिस्टर मटकन त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. चांगला जोरात. मग दुसरा. मग तिथेच, त्याच्या खांद्याला डोकं लावून, हमसून हमसून रडली.

"गाढवा," ती रडता रडता म्हणाली, "बँकेला खरं सांगितलं असतंस, नोकरी गेली म्हणून, तर बँकेने नाहीच म्हटलं असतं. ते कलम होतंच की. बयाणा तसाही परत मिळाला असता."

"बयाण्याचं नव्हतं गं," तो म्हणाला. "बँकेला सांगितलं असतं तर तुला कळलं असतं."

बाई उठल्या. त्यांनी टेप पर्समध्ये टाकला, बाहेर काढला, पुन्हा टाकला. जायला निघाल्या तेवढ्यात सिस्टरने नाक पुसलं आणि मान वळवून टोकाच्या दाराकडे पाहिलं.

"मॅडम, ती ओल येते कुठून?"

"गच्चीवरच्या टाकीचा पाइप फुटलाय. पाइप बदलला, सळ्या घासून गिलावा केला की संपलं. भिंती मजबूत आहेत. मी ठोकून पाहिल्यात."

"आणि त्या घराची किंमत तुम्ही काढलीच आहे."

"काढली आहे." बाईंच्या आता लक्षात येऊ लागलं.

"माझ्या एकटीच्या पगारावर बँक तेवढ्याला कर्ज देईल का?"

बाईंनी मनातल्या मनात आकडे मांडले. पगार, हप्ता, दहातले आठ वाटे. "विचारून बघू," त्या म्हणाल्या. "पण आधी बँकेत जाऊन सगळं सांगायचं. दोघांनी. चष्मेवाल्याला मशीन विकावं लागेल बहुतेक, तो शिव्या घालेल. तयारी ठेवा."

*

बँकेने बाईंना आठ नंबर बघायला पाठवलं तेव्हा पाइप बदलून झाला होता. आठच्या मालकाची परवानगी काढून फिटरने ते काम आधीच उरकलं होतं, आणि ते बघून शिंप्याने त्याला दुकानातलं वायरिंग दिलं होतं. पुन्हा तसा घोटाळा नको म्हणून बँकेने दुसरा माणूस पाठवायचं ठरवलं होतं, पण बाईंनीच हट्ट धरला. शिंप्याने तोंडातली टाचणी न काढताच चावी दिली. सातच्या दारावरून त्या पुढे गेल्या, टोकापर्यंत, आणि पाटी वाचली. मग शेजारच्या दाराची वाचली. मग पुन्हा ही वाचली. एकदा दुधाने तोंड पोळलेली बाई होती.

पाटी बरोबर होती. पण लावली होती जरा वाकडीच, आणि दोन्ही स्क्रूंच्या खाचा दोन दिशांना तोंड करून बसलेल्या.

जिन्याच्या कठड्यापाशी फिटर उभा होता. नखांत पुन्हा काळं भरलं होतं. नजर त्या पाटीवर खिळलेली, आणि चेहरा असा, की जणू दात दुखतोय.

"मी घासून लावलीय ती," सिस्टर खालून जिना चढता चढता ओरडली. "त्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. निदान वर्षभर."